वामनराव आणि माझी नवी न्हाणी

वामनराव कुणाच्याही घरी गेले की चहाआधी भिंतीवर बोटाने टकटक करत आणि विचारत, "ही होती, का नव्हती?" सुलतान बाजारात त्यांचं करसल्ल्याचं ऑफिस होतं. सगळा प्राप्तिकर त्यांनी या एका प्रश्नात बसवला होता. "होतं ते जाग्यावर आणलं, ती दुरुस्ती. नव्हतं ते केलं, ती सुधारणा."

नामपल्लीचं भाड्याने दिलेलं घर मी विकलं, तेव्हा नफ्यावरचा कर वाचवायला त्यांच्याकडे गेलो. रंग, गळकं छत, वरच्या मजल्यावर बांधलेली नवी न्हाणी, सगळा खर्च घराच्या किमतीत धरा, म्हणालो.

"रंग, छत नक्को. दुरुस्तीपोटी भाड्यातून दरसाल तीस टक्के सूट घेतली ना? खर्च करा, न करा, ती मिळतेच. न्हाणी धरू."

"छत अर्धं तरी धरा!"

"शेठ, साडी घेताय का?"

हातगाडीपासून स्वतःच्या दुकानापर्यंत मी भाव करतच आलोय. टेबलावर मूठ आपटली. त्यांनी शांतपणे न्हाणीचं बिल उचललं आणि हसतच सुटले. बिलावर लिहिलं होतं, 'किरकोळ डागडुजी'.

ते माझंच कर्तृत्व. यादय्या मिस्त्रीशी घासाघीस करताना मीच ओरडलो होतो, "यात नवं काय आहे? डागडुजी आहे, डागडुजीचा भाव लाव!" त्याने भाव तसा लावला आणि बिलही तसंच दिलं.

वामनराव मला यादय्याकडे घेऊन गेले. बिल नीट करून दे म्हटल्यावर तो म्हणाला, "हौ सेठ. नया काम बोले तो नये काम का भाव देओ."

मी भर रस्त्यात कडाडलो. वामनरावांनी एवढंच विचारलं, "न्हाणी होती, का नव्हती?"

नव्हती. यादय्याला उरलेले पैसे दिले, खरं बिल घेतलं. न्हाणीपुरता कर वाचला.

वामनरावांची फी देताना मात्र सवयीने बोलून गेलो, "थोडं कमी करा."

"करतो की. पावतीवर लिहितो, 'किरकोळ सल्ला'. उद्या नोटीस आली तर तीच दाखवा."

पूर्ण फी दिली.

मागच्या उन्हाळ्यात वामनराव गेले. छताचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पण परवा घरी नवं कपाट करायला सुतार आला. 'किरकोळ तर काम आहे' हे अगदी जिभेवर आलं, आणि माझंच बोट भिंतीवर टकटकलं. त्याने सांगितला तो भाव मी कबूल केला.

बायकोने धावत येऊन माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.