डाव्या कुशीवर

दादाला विमानाचा गेम एकदा उभ्या पडद्यावर खेळायचा होता. एवढंच. लकवा मारल्यापासून माझ्या या मोठ्या भावानं दुसरं काही मागितलं नाही, आणि मागायला तोंड तरी कुठं राहिलं होतं. उजवं अंग गेलं, जीभ गेली. डावा हात तेवढा शाबूत होता. त्या हातानं तो खाटेवरून दारासमोरच्या छपरीतल्या डब्याकडे बोट दाखवायचा, मग तळहात विमानासारखा वर न्यायचा.

डबा म्हणजे त्याच्या दुकानातला शेवटचा गेम. मोबाइल यायच्या आधी दारव्ह्याच्या स्टँडमागं त्याचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. माणसाच्या उंचीचे चार लाकडी डबे, समोर दांडी आणि बटणं, आत टीव्ही. दुकान बंद झालं तेव्हा तीन डबे भंगारात गेले, एक त्यानं घरी आणला. "राहू दे," म्हणाला. पुढं इतकी वर्षं वहिनीनं त्यात डाळीची पोती न् जुनी कॅलेंडरं ठेवली. वायरी उंदरांनी खाल्ल्या.

गेमचे दोन प्रकार. मारामारीचे आडवे, विमानाचे उभे. उभ्या गेमला लांबुळका पडदा लागतो, म्हणून दुकानात दादा टीव्हीच कुशीवर झोपवायचा. त्याचा शब्दच तो होता, "कुशीवर टाक." शत्रूची विमानं लांबून, वरून येताना दिसली पाहिजेत, नाही तर खेळण्यात जीव नाही म्हणायचा. मी तेव्हा कॉलेजात होतो, दुकानात फक्त खेळायला जायचो. टीव्ही कोणत्या कुशीवर निजला आहे, हे पाहायची मला गरज पडली नाही.

मी मोटर रिवाइंडिंगचं काम करतो. शेतातले पंप जळतात, मी त्यांत तांब्याची तार पुन्हा भरून देतो. तेव्हा हे काम माझ्या हातचंच होतं. नवा मॉनिटर आणला आणि तो उभा ठोकून दिला असता तर एका दुपारचा प्रश्न होता. पण माझा स्वभाव नडला. साधं काम मला करवतच नाही. म्हटलं, डब्यात दोन्ही गेमचे सर्किट बोर्ड आहेत, मारामारीचा आणि विमानाचा, तर पडदा फिरता करू. दादानं पाहावं आणि तोंडात बोट घालावं, ही हौस माझी. त्याची नव्हे.

बोर्ड दोन्ही बंद होते. ते यवतमाळला एका ओळखीच्या कारागिराकडे दिले. तोवर मी जुन्या पंपाचं बेअरिंग काढलं, त्यावर सपाट लोखंडी पाटी बसवली, पाटीवर मॉनिटर. डबा ओढत दादाच्या खाटेसमोर आणला आणि दाखवलं. पडदा आडवा होता, हलकेच ढकलला, पाव चक्कर फिरून उभा झाला. मी फिरवला तो सुलटा, घड्याळाचा काटा फिरतो तसा. दुसरीकडं फिरवायचं मनातच आलं नाही.

दादानं पाहिलं. डोळ्यात पाणी आलं त्याच्या. मग त्यानं डावा हात उचलला आणि हवेत बोट फिरवलं. उलटं. मी पुन्हा सुलटं फिरवून दाखवलं. त्यानं "अं, अं" केलं आणि पुन्हा बोट उलटं फिरवलं, सावकाश, एक अख्खा फेरा.

वहिनी पेजेची वाटी घेऊन आली ती दारातच थांबली. आमच्यात उलटं काही फिरवत नाहीत. आरती सुलटी, जातं सुलटं, देवाभोवतीचा फेरा सुलटा. उलटा फेरा माणसाच्या वाट्याला एकदाच येतो, खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेभोवती. वहिनीनं वाटी खाली ठेवली, दादाचा हात धरून पांघरुणात घातला.

"असं नका करू हो," म्हणाली.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पाहवत नव्हता. "भाऊजी, ते जायचं म्हणून राह्यले."

"काही तरीच काय, वहिनी."

"मंग काहून तसं बोट फिरवून राह्यले?"

एरवी मी असल्या गोष्टींची टर उडवणारा माणूस. लोक म्हणतात, भाऊ, पंप उलटा फिरून राह्यला, मी दोन वायरी आपसात बदलतो न् तो सुलटा होतो. उलट-सुलट हा माझा रोजचा धंदा. पण त्या दिवशी मीही घाबरलो, खरं सांगतो. दुसऱ्या दिवशी पाटीला एक बोल्ट वेल्ड करून घेतला. पडदा आता सुलटाच फिरायचा, उलटा ढकलला तर बोल्टला अडायचा. वेल्डिंगवाला म्हणाला, "भाऊ, दोन्हीकून फिरू द्या नं, कायले अडवता?" मी म्हटलं, तू आपलं काम कर.

दादानं बोल्ट पाहिला आणि चिडला. बोट फिरवायचा, बोल्टकडे दाखवायचा, पुन्हा फिरवायचा. वहिनी हात धरायची, तो सोडवून घ्यायचा. ती कळंबच्या चिंतामणीला नारळ ठेवून आली. एका सकाळी त्याचं पुन्हा सुरू झालं तेव्हा मी त्याच्यावर खेकसलो. "बस झालं दादा. सारखं काय मरणाचं लावलं?" त्यानं माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. मग हात पोटावर ठेवला. त्यानंतर त्यानं बोट फिरवलं नाही, डब्याकडेही पाहिलं नाही. आम्हाला वाटलं, बरं झालं.

आठवड्याभरानं दुसरा झटका आला. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून मडकं माझ्या खांद्यावर आलं. मी तीन फेरे घेतले, उलटे. पाणी पाठीवरून वाहत होतं आणि माझ्या डोक्यात एकच, याला ठाऊक होतं.

तेरवी झाली, पाहुणे गेले. यवतमाळहून बोर्ड दुरुस्त होऊन आले ते तसेच पिशवीत पडले होते. दुपारी काही सुचेना म्हणून विमानाचा बोर्ड जोडला, बटण दाबलं. चित्र आलं, पण कुशीवर पडलेलं. पडदा फिरवला, सुलटा, पाव चक्कर. चित्र डोक्यावर उभं राहिलं. अक्षरं उलटी, आमचं विमान छताला लटकलेलं, शत्रूची विमानं खालून येणारी.

मी तिथंच बसलो. या बोर्डाचं चित्र पडदा डाव्या कुशीवर असेल तरच सरळ दिसतं. म्हणजे उलटा फिरवायचा. दादा मरणाचं काही सांगतच नव्हता. पडदा कसा फिरवायचा ते सांगत होता. वायरी बदलणाऱ्या मला, सख्ख्या भावाला, ते कळलं नाही, आणि वर मी त्याला गप्प केलं.

वहिनी आवाज ऐकून आली. पडद्याकडे पाहिलं. मी कटर घेतला, बोल्ट कापला, पडदा उलटा फिरवला. चित्र सरळ झालं.

"ते हेच सांगून राह्यले होते काय?"

"हो, वहिनी."

"मी त हात धरून ठेवला त्यायचा."

कोणी खेळत नसलं की तो गेम आपला आपणच खेळून दाखवतो. लहानसं विमान खालून वर निघालं, लांबून बाकीची येऊ लागली. खाट आम्ही काढून टाकली होती. वहिनी त्या रिकाम्या जागेवर गेली, दादाची उशी असायची तिथं भिंतीला टेकून खाली बसली आणि पडद्याकडे पाहत राहिली.

"इथून बरोबर दिसते," म्हणाली.