आत्यांच्या मापाची जीप

आमच्या घरातली पहिली चारचाकी आम्ही विकत आणली नाही, बांधून घेतली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. न्हावऱ्यात उसाचा पैसा आलेल्या घरांपुढं नव्या, गुळगुळीत गाड्या उभ्या राहायला लागल्या होत्या. त्या आमच्या आवाक्यातल्या नव्हत्या. आमचे मालक रांजणगावच्या एमआयडीसीत फिटर होते आणि मी घरी ब्लाऊज, शाळेचे ड्रेस शिवायचे. सासरे, म्हणजे आबा, सरकारी खात्यात जीपवर ड्रायव्हर होते, ते नुकतेच रिटायर झाले होते.

गाडीचा विषय निघाला तो सासूबाईंमुळं. त्यांना मी आत्या म्हणायचे. गुडघे धरल्यापासून त्यांना एस.टी.ची पायरी चढवत नव्हती. वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून भाडं मारणाऱ्या, जीपमध्ये तर चढायला पायरीच नसायची, आणि आत गेल्यावर लांब आडव्या बाकड्यावर समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. एका हातानं वरचा पाईप धरायचा, दुसऱ्यानं पदर. त्यांचं माहेर कवठे येमाई, आमच्याच तालुक्यातलं. पण कितीतरी वर्षांत त्या तिकडं गेल्या नव्हत्या. भाऊच येऊन भेटून जायचा आणि तो गेला की त्या उंबऱ्यात बसून राहायच्या.

एक दिवस आबा लिलावातून एक जुनी जीप घेऊन आले. ट्रॅक्टरमागं बांधून आणलेली. तळाचा पत्रा इतका कुजलेला, की आत उभं राहिलं तर खालचा रस्ता दिसायचा. शेजारचे हसले. आबांनी बोनेट उघडलं, मालकांना आत वाकायला लावलं आणि म्हणाले, "इंजिन आन् चासी खणखणीत हाय. वरचं कातडं तेवढं गेलंय. कातडं आपुन नवं चढवू."

दौंडला रेल्वे लाईनच्या कडेला एक मिस्त्री जीपच्या बॉड्या बांधायचे. आबांची त्यांची नोकरीतली ओळख. गाडी तिकडं गेली, आणि आमच्या घरात वाद सुरू झाले.

मालकांना गाडी नव्या फॅशनची हवी होती. चौकोनी दिवे, प्लॅस्टिकचा बंपर, बाजूनं रंगीत पट्टे. आबा ऐकायला तयार नव्हते. "जीप जीपवानी दिसली पायजे. दिवं गोल. पुढं उभ्या फटींची जाळी. बोनेट सपाट. आन् मडगार्ड असं रुंद, की त्यावर जेवणाचा डबा ठेवता आला पायजे. आम्ही जलमभर तिथंच जेवलोय."

"आबा, लोकं म्हणतील जुनी गाडी हाय."

"म्हणू दे की. जुनीच हाय. पण देखणी हाय का न्हाई, ते बोल."

शेवटी बाहेरचं रूप आबांच्या मनासारखं ठरलं. आतलं कसं असावं हे कुणी बोललंच नव्हतं. मिस्त्री नेहमीसारखी दोन आडवी बाकडी टाकणार होते. एका रविवारी मालकांबरोबर मी दौंडला गेले आणि म्हणाले, "मिस्त्री, मागची सीट समोर तोंड करून पाहिजे. आणि पुढची डावी सीट खाली घ्यायची, आत्यांचे पाय टेकले पाहिजेत."

मिस्त्री हातातली वेल्डिंगची कांडी खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिले. "वहिनी, आडव्या बाकड्यावर जास्त माणसं बसत्यात."

"आम्हाला वडाप करायचं नाही. आम्हाला माणूस बसवायचाय."

मला वाटलं, घरी गेल्यावर मालकांची बोलणी खावी लागणार. पण परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "अगं, पण त्या सीटचं माप त्याला सांगणार कोण?"

"मी घेते की. रोज दुसरं काय करते?"

घरी मी विटांवर पाट ठेवला आणि आत्यांना त्यावर बसवलं. एक वीट काढली, पुन्हा बसवलं. टेप लावून गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं, पाठीचं घेतलं, हात सहज पोचतो तिथं भिंतीवर खडूनं खूण करून ठेवली. आत्या लाजून हसत होत्या. "अगं, ब्लाऊज शिवतीस का गाडी?"

मापं ऐकून मिस्त्रींना आधी हसू आवरेना. पण त्यांनी सीटची फ्रेम त्या मापानं वाकवली. दारापाशी रुंद पायरी जोडली आणि खडूच्या खुणेइतक्या उंचीवर पकडायला दांडी लावली. मग स्वतः आत बसून बघितलं, खाली उतरले, पुन्हा चढले आणि म्हणाले, "बरं वाटतंय की हो." त्यानंतर ते मला परत हसले नाहीत.

रंगाच्या वेळी मात्र पेंटर हसला. मालकांना चकचकीत लाल पाहिजे होता, आबांना खाकी. मी पर्समधून एक कापडाचा तुकडा काढला. ज्वारीच्या पानासारखा गडद हिरवा, थोडा निळ्याकडं झुकणारा.

"वैनी, हे ब्लाऊजपीस न्हाई, गाडी हाय," पेंटर म्हणाला.

"मॅचिंग ते मॅचिंगच, भाऊ. डब्यात थोडा काळा घाला, थोडा निळा. मी थांबते इथं."

पत्र्याच्या तुकड्यावर तो रंग काढत गेला आणि मी मान हलवत गेले. दुपार कलली तेव्हा एक तुकडा उन्हात धरून आबा म्हणाले, "हाच." मालकांनीही मान डोलावली. दिव्यांच्या कडा आणि जाळी पांढरी करायची, हे त्यांनीच सुचवलं. आणि खरं सांगते, त्या पांढऱ्यानंच गाडीचा चेहरा उठून दिसला.

सीटांची कव्हरं मीच शिवायची ठरवली. विटकरी रंगाचं रेग्झिन शिरूरच्या बाजारातून आणलं. माझं मशीन घरगुती. रेग्झिन सुईजवळच्या दाबपायाखाली चिकटून बसे, सुई तुटे. मग जाड सुई लावली, रेग्झिनवर अंगाला लावायची पावडर चोळली आणि पायडलवरचे पाय बाजूला घेऊन चाक हातानं फिरवत टाका टाका शिवत गेले. कडेनं पांढरं पायपिंग घातलं. दाराच्या आतल्या बाजूला एक खिसा दिला, आत्यांची औषधं आणि पानाची चंची राहील एवढा. आबांनी डॅशबोर्डचा पत्रा घासून घासून आरशासारखा केला आणि फक्त दोन घड्याळं ठेवली, एक वेगाचं आणि एक डिझेलचं. "बाकीचं इंजिन आपल्या आवाजात सांगतंय," असं त्यांचं म्हणणं.

गाडी घरी न्यायच्या दिवशी आम्ही सगळेच दौंडला गेलो. आत्यांसाठी त्या दिवशी रिक्षा केली होती. शेडमधून जीप बाहेर उन्हात आली आणि आम्ही तिच्याभोवती फिरत राहिलो. गोल दिवे, सपाट बोनेट, हिरवा रंग, आत विटकरी सीटा. आबांनी पुढचं डावं दार उघडलं.

"बस."

आत्या मागं सरकल्या. "तिथं सायेब बसत्यात."

"सायेब माझ्या शेजारी जलमभर बसलं. आता तू बस."

आत्यांनी पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली आणि कुणाचा हात न घेता आत बसल्या. पाय टेकले. त्यांनी हातानं सीटच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी मागच्या सीटवर बसले आणि पदरानं तोंड पुसायचं निमित्त करून डोळे पुसले.

पाटसच्या पुढं उसाच्या बैलगाड्या मागं टाकत आम्ही चौफुल्याला चहाला थांबलो. एक माणूस गाडीभोवती फिरून आला. "मामा, कंच्या कंपनीची हो? नवं मॉडेल आलंय का?"

आबांनी चहाचा कप मडगार्डवर ठेवला. "कंपनी आमच्या घरातच हाय. ही इंजिनियर," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

मला कुठं बघावं कळेना. पण तो शब्द मी तेव्हापासून जपून ठेवलाय.

पुढच्याच आठवड्यात आत्या कवठ्याला गेल्या. वेशीत भाऊ उभा होता. बहिणीला पुढच्या सीटवर बघून तो हात पुढं करत आला, तर त्या आधीच उतरल्या होत्या. "राहू दे," त्या म्हणाल्या, "माझी गाडी माझ्या मापाची हाय." ते ऐकून भावानं तिथंच त्यांना मिठी मारली. चार दिवस राहायचं म्हणून गेलेल्या आत्या पंधरा दिवसांनी आल्या, आणि आल्या त्या माहेरच्या गोष्टी सांगत. वस्तीतल्या बुद्धविहारात जमणाऱ्या बायका मुद्दाम सीट बघायला येऊ लागल्या. कुणी बसून बघे, कुणी माझं पायपिंग उलटून बघे.

मग एका सकाळी गावातले एक मोठे बागायतदार आमच्या वस्तीत आले. त्यांच्या घरचं बोलावणं आलं की आमची माणसं त्यांच्या ओट्याशी जाऊन उभी राहायची, तीच रीत होती. ते आमच्या दारात आले, आबांनी दिलेल्या खुर्चीवर बसले, चहा घेतला. म्हणाले, "माझ्या आईलापण चढता येत न्हाई. आमच्या जीपला असलीच सीट करून देता का?"

मी म्हणाले, "देते. पण आईंना इथं आणावं लागेल. माप घेतल्याशिवाय मी शिवत नाही."

दुसऱ्या दिवशी त्या म्हाताऱ्या बाई आल्या, आमच्या विटांवरच्या पाटावर बसल्या आणि आत्यांशी गुडघेदुखीवर बोलत राहिल्या. मी टेप लावून माप घेत होते.

त्यानंतर दौंडचे मिस्त्री गिऱ्हाइकं पाठवू लागले. रांजणगावच्या कारखान्यात जुनं झालेलं एक जाड कामाचं शिलाई मशीन मालकांनी दुरुस्त करून मला दिलं. दोन-तीन वर्षांत शिरूरला रस्त्याकडेला पत्र्याचा गाळा घेतला. पाटी रंगवणारा आला आणि त्यानं मालकांना विचारलं, "काय नाव टाकू? तुमचं का आबांचं?"

मालक म्हणाले, "तिचं टाक. काम तिचं हाय."

आबा रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिले आणि तिथून ओरडून सांगू लागले, "अक्षरं मोठी काढ. एस.टी.तल्या माणसाला वाचता आली पायजेत."