नर्सबाई नापास झाल्या

आमच्या गावाला कुणावर विश्वास ठेवायची सवयच नाही. नवा मास्तर आला तर आधीच्या गावातून तो का निघाला याची चौकशी पहिली, पाण्याचा तांब्या मागाहून. कवठे महांकाळच्या पुढं, बाभळी आणि कुसळांच्या माळावर वसलेलं हे गाव. मीही तिथल्याच पाण्यावर वाढले. त्यामुळं जिच्यामुळं माझा हात धड राहिला त्या बाईवरही माझा एक संशय आहे. तो मी शेवटी सांगणार आहे.

चारुलता मेहेंदळे मूळच्या सांगलीच्या. तिथल्या एका दवाखान्यात बरीच वर्षं नर्स होत्या. चाळिशी जवळ आल्यावर त्यांना पुढं शिकायची हुक्की आली आणि त्या पुण्याला नर्सिंगच्या वरच्या पदवीला जाऊन बसल्या. वर्गातल्या पोरी त्यांच्यापेक्षा निम्म्या वयाच्या. त्या अभ्यासात गावाच्या आणि शाळेच्या आरोग्याचा एक भाग होता. त्यासाठी काही महिने खेड्यात राहायचं, शाळेतली मुलं तपासायची, घरोघर जायचं आणि गावानं आपल्याला कितपत जवळ केलं ते शेवटी कॉलेजच्या मॅडमना येऊन बघू द्यायचं. मार्क त्याचेच. नेमकं आमचं गाव त्यांच्या वाट्याला आलं, तेही आणीबाणीच्या सालात, दिवाळी नुकतीच झालेली असताना.

त्या दिवसांत जीपचा आवाज आला की आमच्याकडचे बाप्ये ज्वारीत शिरून बसायचे. नसबंदीच्या गाडीत घालून नेतात, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. अशा वेळी पांढऱ्या साडीतली, लग्न न केलेली, पिशवीत कापूस आणि सुया घेतलेली बाई एसटीतून उतरली. मग काय बघायचं! गावात पिठाची गिरणी तात्याबाची, आणि गावाचं मतही तिथंच दळून निघायचं. तात्याबानं संध्याकाळच्या आत निकाल दिला.

"आधी पोरांस्नी गोड बोलंल, मग बापास्नी धरंल. सरकारची मानसं अशीच असत्यात."

बाईंनी शाळेत आमचे दात बघितले, डोळे बघितले, डोक्यातल्या उवा बघून नाक मुरडलं. मग त्यांनी कोंबडीचं एक पीस काढलं. डोळे मिटायचे, पीस कुठं लागलं ते बोट ठेवून दाखवायचं. आम्हाला वाटलं खेळ आहे. घरी जाऊन पोरांनी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी निम्मी शाळा रिकामी. डोळे मिटायला लावून पीस फिरवती म्हणजे करणीच, दुसरं काय?

माझा नंबर त्याआधी लागला होता. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. माझ्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली बाहेरच्या अंगाला तुळस गोंदलेली होती. बाई ती बघत राहिल्या.

"बाकीच्या मुलींचं गोंदण आतल्या बाजूला आहे. तुझं इकडं कसं?"

"आजीनं गोंदाय लावलं."

"फार दुखलं असेल ना?"

"छ्या! म्या रडलीच न्हाई," मी फुशारकीनं सांगितलं. माझ्या आजीला, राहीबाईला, या गोष्टीचा कोण अभिमान. गोंदणारीण सुया टोचत होती आणि पोरीनं हूं की चूं केलं नाही, हे ती येईल-जाईल त्याला सांगायची.

बाईंनी मला डोळे मिटायला सांगितले. मी मिटले. बराच वेळ झाला.

"आवं बाई, लावा की पीस. कवाची वाट बगतीया," मी म्हणाले.

"उघड डोळे," त्या म्हणाल्या. पीस तुळशीवरच होतं.

शाळा सुटल्यावर त्या आमच्या दारात उभ्या. आजी उंबऱ्यातच आडवी.

"पोरीच्या हातावर गोंदणाखाली काय आहे?"

"तुळस हाय."

"आणि तुळशीखाली?"

आजीनं दार लावून घेतलं.

तुळशीखाली चट्टा होता. बंद्या रुपयाएवढा, फिकट, कोरडा, बधिर. आजीला तो आधीच दिसला होता आणि तिनं तो ओळखलाही होता, कारण तिची थोरली बहीण मनुबाई अशाच चट्ट्यापासून सुरू होऊन गोठ्यामागच्या खोपटात संपली होती. तिला भाकरी दुरून टाकायचे. आधी करंगळी वाकली, मग बाकीची बोटं. रगतपिती हा शब्द आमच्या घरात कुणी तोंडानं उच्चारत नसे. त्या खोपटाच्या भीतीनंच आजीनं गोंदणारणीला बोलावलं. चट्टा झाकला म्हणजे मिटलं, असा तिचा हिशेब. आणि पोरगी रडली नाही म्हणून जिथं काळजात धस्स व्हायला पाहिजे, तिथं ही बाई गावभर कौतुक सांगत हिंडली. मला आजीचा राग येतो. तिच्यावर माया होती म्हणून जास्त येतो.

बाई दुसऱ्या दिवशी परत आल्या, तिसऱ्या दिवशीही आल्या. शेवटी माझे वडील मानसिंग, मिलिटरीतून सुटून आलेले, मिशीवाले आणि तापट, त्यांनी त्यांना आत घेतलं. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. हा महारोगच असणार, पण अगदी सुरुवात आहे. सांगलीत डॉक्टरला दाखवू, ते गोळ्या देतील, त्या काही वर्षं रोज घ्यायच्या. हात वाकणार नाही. नाही घेतल्या, तर करंगळी पहिली जाईल.

"आन गावाला कळलं मंजी?" आजी म्हणाली. "साळंतनं काढत्याल. आडावर चढू द्याची न्हाईत. हिच्या धाकटीलाबी कुनी दारात हुबं करनार न्हाई. तू तुज्या कागदावर लिवशील आन सायकलवरचा तो रगतपिती तपासनारा सरकारी मानूस आमच्या दारात येऊन बसंल. त्याला सगळा तालुका वळकतोय."

"मी कुणाला सांगणार नाही."

"तुमी सरकारची मानसं. तुमचा काय भरवसा?"

आजीनं देव्हाऱ्यातली वाटी आणली आणि त्यांना बेलभंडारा उचलायला लावला. सांगलीच्या शिकल्या-सवरल्या बाईनं तो मुकाट्यानं तळहातावर घेतला. आजी एकेक शब्द सांगत होती आणि त्या मागून म्हणत होत्या. यातलं अक्षर गावाला कळणार नाही. सरकारी दवाखान्याला कळणार नाही. "तुज्या त्या कालेजालाबी न्हाई," आजीनं बजावलं. बाई क्षणभर थांबल्या, मग तेही म्हणाल्या.

सांगलीला जायला निमित्त पाहिजे होतं, म्हणून पोरीचे डोळे अधू आहेत असं ठरलं. डॉक्टरांनी हात तपासला, बाईंचंच खरं ठरलं. परतताना कुणी विचारू नये म्हणून मला बिननंबरी चष्मा घालून आणलं. आजी त्यावरही कुरकुरली.

"चष्मेवाली पोरगी कोन करून घेनार?"

"चष्मा काढता येतो, आजी," बाई म्हणाल्या.

पण गावाला डोळे होतेच, आणि त्यांना चष्म्याची गरज नव्हती. नर्सबाई मानसिंगाच्याच घरी घडीघडी का जाते? गोळ्या घेऊन त्या यायच्या, पीस फिरवायच्या, माझी बोटं ओढून बघायच्या, एवढंच. तात्याबानं आठवड्यात उत्तर काढलं. मानसिंगाला दोन्ही पोरीच, पोरगा नाही, आणि ही बया त्याला नसबंदीला न्यायला बघतेय. झालं! ज्याला पोरगाच नाही त्याचं ऑपरेशन म्हणजे वंशावरच नांगर. गाव खवळलं. बाई आडावरून निघाल्या की बायका पदर तोंडाला लावून थुंकायच्या. कुणीतरी त्यांच्या खोलीच्या दारावर शेण फेकलं. पारावर वडिलांची खिल्ली उडायची.

"काय मानसिंगराव, कवा निघायचं? मिशी ठिवत्यात का तीबी काढत्यात?"

वडील एका संध्याकाळी संतापून घरी आले. "जाऊन सांगतो एकेकाला! ह्या बाईला फुकटच्या शिव्या कशापायी?"

"काय सांगणार?" बाईंनी विचारलं.

वडिलांनी टोपी काढून खुंटीला अडकवली.

"म्हणू देत," त्या म्हणाल्या. "मी इथं का येते याचं त्यांना कारण सापडलंय. आपण त्यांना दुसरं शोधायला लावू नये."

मला तेव्हा त्यांचा चमत्कारिक राग यायचा. आपल्याला शिव्या देतात आणि ही बाई सुखानं चहा पिते! शिव्या त्यांना लागत नव्हत्या असं नाही. एकदा शेणाचे डाग धुताना त्यांचे डोळे भरलेले मी बघितले आहेत.

मग फेब्रुवारीत पुण्याहून मोठ्या मॅडम आल्या. शाळेच्या पटांगणात खुर्ची टाकून बसल्या, गाव गोळा झालं. बाई बाजूला उभ्या. मॅडमनी विचारलं, "या ताईंचं काम कसं वाटलं?" तात्याबा याचीच वाट बघत होता. पिसाची करणी, रिकामी शाळा, नसबंदी, सगळं त्यानं मोकळेपणानं सांगितलं. मॅडमचा चेहरा कडक झाला.

"चारुलता, तुमच्या कामात ऑपरेशनचा संबंधच नाही. मग तुम्ही यांच्याकडे कशासाठी जात होता?"

बाई काही बोलल्या नाहीत. मॅडमनी मग थेट आजीलाच विचारलं. "तुम्ही सांगा आजी. ही बाई तुमच्या घरी का येते?"

सगळं पटांगण आजीकडं बघायला लागलं. मी चष्मा घालून गुरुजींच्या मागं उभी होते आणि उगाचच बाही कोपराखाली ओढत होते. आजीनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग कमरेवर हात ठेवून ती जी सुटली!

"का येती म्हंजी? माज्या ल्योकाचा वंश बुडवाय येती मुडदी! हिला ना लेक ना ल्योक, दुसऱ्याच्या पाळन्याला नख लावाय आलीया! न्या तुमची ही अवदसा हितनं!"

गावानं इतकी खरी शिवी कधी ऐकली नव्हती. बाया वाहवा केल्यासारख्या माना डोलावत होत्या. नर्सबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. मॅडम उठल्या आणि गाडीत बसायच्या आधी त्यांना एवढंच म्हणाल्या, "गावानं तुम्हाला दारातसुद्धा उभं केलेलं नाही. मी पास कसं करू?"

त्या दिवशी आजीनं भाकरीला हात लावला नाही. बाई दिवेलागणीला पिशवी घेऊन एसटीकडं निघाल्या, तेव्हा ती दारात बसून होती. सगळं गाव बघत असताना बाई आमच्या दारासमोर थांबल्या नाहीत. जाता जाता आजीकडं न बघता हळूच म्हणाल्या, "गोळी चुकवू नका. छान बोललात."

आजी पदरात तोंड घालून रडली. मनुबाईच्या मरणालाही ती तशी रडली नव्हती, असं आई सांगायची.

नापास झालेल्याला काही महिने खेड्यात पुन्हा काम करायला लागायचं. कॉलेजनं दुसरं बरं गाव देऊ केलं. या बाईंनी काय करावं? जिथं नापास झाले तेच गाव पुन्हा द्या, म्हणून अर्ज केला. मॅडमना त्यांच्या जिद्दीचं कौतुक वाटलं. जूनमध्ये पांढरी साडी, तीच पिशवी, एसटीतून पुन्हा खाली. मधल्या काळात निवडणूक होऊन सरकार पडलं होतं, जीप बंद झाली होती.

"सरकार पडलं गड्या," तात्याबा गिरणीत म्हणाला, "पर ही बाई काय मानसिंगाला सोडत न्हाई!"

आता भीती उरली नव्हती, त्यामुळं गाव नुसतं हसायचं. हसता हसता पोरं तपासायला पाठवू लागलं, बाळंतिणी त्यांना बोलवू लागल्या. आजी मात्र सवयीनं चारचौघांत त्यांना शिव्या घालायची आणि त्या आमच्या मागच्या दारानं येऊन तिच्या हातची आंबील प्यायच्या. दुसऱ्या खेपेला त्या पास झाल्या, बेताच्या मार्कांनी. त्याच वर्षी पहिल्या खेपेला पास झालेल्या पोरींना मोठ्या जागा मिळाल्या. या परत सांगलीत आल्या आणि शाळांमधून हिंडत राहिल्या. पुढं माझ्या गोळ्या वडील सांगलीहून आणायचे, त्या संपेपर्यंत.

मी शिक्षिका झाले, लग्नही झालं, चष्मा कधीच काढून टाकला. गेल्या साली त्यांना भेटायला सांगलीला गेले. खूप थकल्यात. आता माझा संशय. त्या पटांगणात मॅडमना बाजूला घेऊन, नाव-गाव न सांगता, एवढं तरी म्हणता आलं असतं की कारण आहे, पण सांगता येत नाही. तेवढ्यानं बेलभंडारा मोडला नसता. त्या तेवढंही बोलल्या नाहीत. पास झाल्या असत्या तर आमच्या गावात परत यायला त्यांना काहीच निमित्त उरलं नसतं, आणि आजीच्या भरवशावर माझ्या गोळ्या किती दिवस चालल्या असत्या, देव जाणे.

मी सरळ विचारलं, "बाई, तुम्ही मुद्दाम नापास झालात ना?"

त्यांनी जवळची पिशवी ओढली. मग म्हणाल्या, "तुझ्या गावाचा स्वभाव काही गेला नाही. डावा हात दे इकडं. डोळे मिट."

मी मिटले. बराच वेळ काहीच लागलं नाही, म्हणजे त्या तुळशीवर असणार. तिथं मला अजून कळत नाही. मग हलकंसं काहीतरी सरकत खाली आलं.

"सांग, कुठं?"

"करंगळी," मी म्हणाले.