तिघांना विचारणारा मेव्हणा

समुद्राचं पाणी खारट असतं, ही गोष्टसुद्धा तिघांना विचारल्याशिवाय मान्य न करणारा माणूस सगळ्या पेडणे तालुक्यात एकच आहे, आणि तो माझा मेव्हणा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मांद्रेच्या बाजारात बांगडे ताजे आहेत का, हे तो तीन मासळीवालींना विचारतो आणि चौथीकडून घेतो. पणजीच्या बसमध्ये बसल्यावर ही पणजीलाच जाते ना, हे कंडक्टरला, ड्रायव्हरला आणि शेजारच्या उतारूला विचारतो. स्वतःच्या लग्नात मुहूर्ताची वेळ झाली असं भटजी म्हणाले, तर यानं अंतरपाटाआडून दोन पाहुण्यांच्या घड्याळांवरून खात्री करून घेतली. "एकान सांगलेली ती गजाल," तो म्हणतो, म्हणजे नुसत्या गप्पा, "तिघांनी सांगला म्हणजे खरा." त्याच्या बहिणीला याचं फार हसू येई. ती आता नाही. मयेच्या तळ्याजवळच्या आमच्या घरात मी एकटा असतो आणि पुस्तकं वाचतो.

हरमलला त्याच्या चार खोल्या आहेत, पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या. गिऱ्हाईक यावं म्हणून त्यानं वेबसाइट काढली आणि तिच्यावर रोज सकाळी एकेका गावाविषयी लेख आपोआप यावा, अशी सोय केली. लिहिणार एआय. पहिल्याच आठवड्यात त्या लेखकानं हरमलला एक दीपगृह बहाल केलं. एक परदेशी पाहुणा भाड्याच्या स्कूटरवरून ते शोधत फिरला आणि परत येऊन अगदी नम्रपणे म्हणाला, आज बहुतेक बंद असावं. मेव्हणा शरमला. "भावजी, ह्यो लेखक म्हणजे आमच्या तिठ्यावरचो गजालकार. म्हायत नसला तरी सांगतलोच. लिवच्या आदी तेका इचारूक धाडूक होया."

मग त्यानं मधे शोधाची पायरी घातली. माझ्या घराच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, मेजावर लॅपटॉप ठेवून त्यानं मला ती दाखवली: रेघांनी जोडलेले चौकोन. एक चौकोन विषय निवडतो, दुसरा इंटरनेटवर शोध घेतो, तिसरा सापडलेली पानं वाचतो, चौथा लिहितो, पाचवा छापतो. तीन पानांवर सापडेल तेवढंच लिहायचं, आणि ताज्या पानाला मान आधी, असा हुकूम. पहिल्यांदा चालवण्याआधी त्यानं लॅपटॉपसमोर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं. "आणि तुझी स्वतःची साइट?" मी विचारलं. "ती शोधातून वगळायला नको का?" तो दुखावला. "घरच्या माणसाची साक्ष पयली, भावजी. तेका कशाक भायर ठेवचा?"

त्याची चूक ती एवढीच.

मयेवरचा लेख आला तेव्हा मी तो सहज उघडला. तळ्याचं वर्णन होतं, शेतांचं होतं, आणि पुढे लिहिलं होतं की तळ्याजवळ एक बाई दोन खोल्या पाहुण्यांना देतात, सकाळी आंबोळ्या करतात आणि गुडघा दुखत असूनही पाहुण्यांना तळ्यापर्यंत सोडायला येतात. ती बाई म्हणजे माझी बायको. जुन्या पाहुण्यांनी कधीतरी लिहिलेले अभिप्राय लेखकाला सापडले होते. ती गेल्याचं मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. आमच्याकडे कुणी गेलं की माणूस घरोघर जाऊन सांगतो. ते इंटरनेटवर कोण लिहितो?

मयेची पाळी दर सोमवारी येई. पुढच्या वेळी शोधाला तो लेखच सापडला, आणि त्या लेखावरून दुसऱ्या साइटींनी उतरवलेले आणखी दोन. तीन साक्षी झाल्या. लेखकानं आणखी थोडं लिहिलं. मग आणखी. यंदा त्यांचा गुडघा बरा आहे, असं एकदा आलं. हल्ली त्या आतल्या खोलीचं जनेल दुपारी उघडं ठेवतात, असं पुढच्या वेळी. मी उठून आत खिडकीपाशी गेलो. जनेल उघडं होतं. वाऱ्यानं उघडलं असेल. त्याची कडी जुनीच आहे. मी ते लावलं नाही.

मी मेव्हण्याला बोलावून घेतलं. तो आला, वाचू लागला, आणि गुडघ्याच्या ओळीवर थांबला.

"बरा असा म्हणता," तो हळूच म्हणाला.

"अरे, तू खांदा दिलास तिला."

"दिलंय. मी एक. तुमी दुसरे. तिसरो खंय?"

"सगळा गाव होता!"

"गावान लिवक नाय खंय, भावजी." त्यानं लॅपटॉप मिटला. "आपली साइट वगळली काय ताई सोमवारपासून खंयच दिसाची नाय. तुमका चलात?"

रोज सकाळी मीही ते पान उघडत होतो.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. पुण्याचं एक जोडपं, पाठीवर बॅगा. "काकू आहेत ना? आम्ही कालच वाचलं." मी तोंड उघडण्याआधी मेव्हणा पुढे झाला. "बसा हां. येतली आता." त्यानं त्यांना बाल्कांवात बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः पायरीवर बसून रस्त्याकडे बघत राहिला. ऊन भिंतीवरून खाली आलं. आत जनेलाची फळी एकदा वाजली, आणि आम्ही चौघांनीही तिकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी चौघेही वाट बघत होतो.

मग ती पुण्याची मुलगी आणखी पाणी घ्यायला म्हणून आत गेली. ती बाहेर आली आणि मेव्हण्याशेजारी पायरीवर बसली.

"दादा, आत फोटोला हार आहे," ती म्हणाली. "काकू गेल्यात ना?"

तिसरी साक्ष झाली. त्यानं होकारार्थी मान हलवली, आणि बहिणीसाठी तो रडला. स्मशानात रडला नव्हता.

त्या दोघांना आम्ही ठेवून घेतलं. आंबोळ्या मला जमत नाहीत, पावावर भागवलं. मेव्हण्यानं लॅपटॉप उघडून शोधाच्या चौकोनात आपल्या साइटचं आणि त्या दोन नकलांचं नाव वगळण्याच्या रकान्यात टाकलं, आणि पाहुण्यांचे ते अभिप्राय होते त्या बहिणीच्या खोल्यांच्या जुन्या पानावर एक ओळ लिहिली: या घरच्या बाई आता नाहीत. लिहून झाल्यावर त्यानं ती मला दाखवली. मी नुसतं हो म्हटलं.

सोमवारी मयेवरचा नवा लेख आला. तळं होतं, शेतं होती, बोटी होत्या. घर नव्हतं. मी खालपर्यंत वाचला, पुन्हा वर गेलो, पुन्हा खालपर्यंत वाचला. तेवढ्यात त्याचा फोन आला.

"वाचलात?"

"वाचला."

"बरो असा लेख," तो म्हणाला. "सगळा खरा असा."

"हो."

मग दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही. त्याच्या बाजूनं समुद्र ऐकू येत होता, मधेच एखादी स्कूटर. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "जेवलात, भावजी?"

सकाळचे आठही वाजले नव्हते. मी म्हटलं, जेवलो.