नकाराची तयारी

नर्सरीतून आणलेल्या गुलाबाच्या खोडाला प्लास्टिकची एक पट्टी बांधलेली आहे. नर्सरीवाला म्हणाला होता, "काकू, याची कलमं करून वाटू नका हं. हा वाण काढणारा माणूस तिकडे परदेशात असतो. पण त्याचा हक्क इकडेही चालतो, देशादेशांनी मिळून तसं ठरवलंय."

मला ते पटलं. एका रंगासाठी त्याने किती वर्षं रोपं लावली असतील, उपटली असतील. अनोळखी देश त्याच्या बाजूने उभे राहिले, हे बरंच झालं.

आज पहिलं फूल उमललं, जर्दाळूच्या रंगाचं. वाटलं, त्या माणसाच्या कुंपणाशी तरी कुणी थांबत असेल का?

माझ्या जुन्या गावठी गुलाबाला फूल आलं, की शेजारच्या सुमनताई भिंतीपलीकडून हाक मारायच्या, "अहो, एक फांदी द्या की!" आता त्या लेकीकडे राहायला गेल्यात. घराला कुलूप आहे.

कुणी मागितलीच, तर काय म्हणायचं ते मी ठरवून ठेवलंय: "दिली असती हो, पण त्या माणसाचा हक्क आहे ना."

सकाळपासून कुंडी भिंतीवर ठेवली आहे, रस्त्यावरून दिसेल अशी.