डोळ्याची क्रीम

सोमवारी सकाळी इन्क्युबेटर उघडला आणि वास आला. पिकून उतरलेल्या द्राक्षांसारखा, गोडसर. मायक्रोबायोलॉजी शिकलेला माणूस हा वास विसरत नाही. आतल्या प्लेटा बाहेर काढल्या. लावताना कोऱ्या होत्या, आता त्यांच्यावर हिरवट थर पसरला होता.

ही टेस्ट साधी असते. थोडी क्रीम घ्यायची, जंतूंचं खाद्य ओतलेल्या प्लेटवर पसरायची आणि प्लेट उबेत ठेवायची. क्रीम स्वच्छ असेल तर प्लेट कोरी राहते. हिरवा थर म्हणजे बहुतेक सुडोमोनास. ओल्या पाइपात, साठलेल्या पाण्यात राहणारा जंतू. धडधाकट कातडीचं तो फारसं काही बिघडवत नाही. डोळ्याला ओरखडा असेल तर मात्र दोन दिवसांत बुबुळ खाऊन टाकतो.

आणि ती क्रीम डोळ्यांभोवती लावायची होती.

आटगावजवळच्या एका शेडमध्ये आमची छोटी स्किनकेअर कंपनी होती. मी क्वालिटी कंट्रोलला. खाण्यापिण्यातलं जे वाया जातं त्याचा पुन्हा वापर करायचा, ही आमच्या मॅडमची, कंपनीच्या मालकिणीची कल्पना. मुरबाडकडच्या भातगिरण्यांतला कोंडा आम्ही घ्यायचो. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावातला महिला बचत गट तो चाळून, सुकवून द्यायचा. आम्ही तो पाण्यात आंबवायचो आणि गाळलेलं पाणी क्रीममध्ये घालायचो. डोळ्यांखालची काळी वर्तुळं कमी व्हावीत म्हणून. कोंड्यात कातडीला पोसणारं बरंच असतं. जंतूंनाही तेच पोसतं. म्हणून अशा क्रीममध्ये ती नासू नये यासाठी प्रिझर्व्हेटिव्ह घालावं लागतं.

मॅडमना ते नको होतं. ‘केमिकल नाही’ असं लेबलवर लिहायचं होतं. त्याऐवजी संत्र्याच्या सालीचा अर्क घातला होता. तो पुरतो का, हे चॅलेंज टेस्टमध्ये कळतं. क्रीममध्ये मुद्दाम जंतू सोडायचे आणि ते मरतात की वाढतात हे महिनाभर बघायचं. आमची ती टेस्ट अजून चालू होती. ही बॅच नुसती ट्रायलची होती.

मी बॅचवर ‘बाहेर पाठवू नये’ असा लाल होल्डचा टॅग लावला आणि मॅडमच्या केबिनमध्ये गेले. बॅच फेकावी लागेल, असं सांगितलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “थोड्या डब्या बाहेर गेल्यात, संध्या.”

गुरुवारी गावात फोटो काढायला माणूस बोलावला होता. बायकांच्या हातात डब्या देऊन फोटो काढले. बायकांना डब्या आवडल्या, म्हणून मॅडमनी त्या त्यांच्याकडेच राहू दिल्या. त्यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. ज्यांनी कोंडा चाळला त्यांनी क्रीम वापरून बघावी, एवढंच त्यांना वाटलं होतं.

मी लगेच कंपनीची गाडी घेतली आणि निघाले. भातकापणीचे दिवस होते, गावात माणूस नव्हतं. बांधाबांधावरून फिरत एकेकीला गाठलं. बहुतेकींनी डबी उघडलीच नव्हती. देवघरात, पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवली होती. लग्नाकार्याला लावू, म्हणाल्या. का परत नेता, असं एकीनेही विचारलं नाही. शेवटी एकच डबी राहिली, गटाची प्रमुख वनिता हिची. शेतावर ती दिसली नव्हती.

वनिता घरात खाटेवर पडून होती. तोंडावर पदर घेतलेला. पदर बाजूला केला तर उजवा डोळा सुजून बंद झालेला, पापण्यांना पिवळी घाण चिकटलेली. मी पापणी जेमतेम उघडून बघितली. काळ्या बुबुळावर पांढरा डाग होता.

तिने जे सांगितलं ते असं. शनिवारी कापताना भाताचं पातं डोळ्याला लागलं. दरवर्षी कुणाला ना कुणाला लागतंच. पाण्याने डोळा धुतला, पण चुरचुर थांबेना. मग तिला डबीची आठवण झाली. डबीवर इंग्रजीत दोनच शब्द होते. तिच्या पुतणीने ते वाचून दाखवले होते, आय क्रीम, म्हणजे डोळ्याची क्रीम. तिने ती बोटावर घेतली आणि डोळ्यात घातली. रविवारीही घातली.

“डोळ्याचीच क्रीम ना ती, ताई?” ती म्हणाली. “मंग डोळ्यातच घातली.”

मी खाटेजवळची डबी उचलून पर्समध्ये टाकली. तिचा नवरा एकनाथ शेतावरून आला होता, त्याला म्हटलं, कपडे घ्या, आत्ता निघायचं. तो म्हणाला, “उद्या नाय चालणार का? भात कापून पडलाय.” मी नाही म्हटलं. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही.

मुरबाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा बघूनच चिठ्ठी लिहून दिली आणि आम्हाला कल्याणला मोठ्या हॉस्पिटलमध्ये पाठवलं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी बुबुळावरचा थोडा भाग खरवडून तपासायला पाठवला. पातं लागलं म्हटल्यावर त्यांना बुरशीचा संशय होता, शेतातल्या जखमांत तीच जास्त दिसते. बुरशीचं औषध वेगळं आणि जंतूंचं वेगळं. लॅबचं उत्तर यायला वेळ लागणार होता.

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. मी सगळं सांगितलं. त्या रडत होत्या. मग सावरून म्हणाल्या, “आपला रिपोर्ट आत्ता कुणाला देऊ नकोस. मी आधी वकिलांशी बोलते.”

“मॅडम, डॉक्टर समोर उभ्या आहेत,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

प्लेटांचे फोटो मोबाइलमध्ये होते. ते डॉक्टरांना दाखवले. जंतूचं नाव सांगितलं, क्रीमची डबी हातात दिली. खात्रीची टेस्ट अजून व्हायची आहे, हेही सांगितलं. त्यांनी फोटो दोनदा मोठे करून बघितले, नर्सला बोलावलं आणि त्या जंतूवरचे थेंब दर तासाला सुरू केले. मला एकच प्रश्न विचारला. “अजून किती जणींनी घातलीय?” मी म्हटलं, बाकीच्या डब्या माझ्या गाडीत आहेत.

हॉस्पिटलच्या लॅबचं उत्तर आलं ते सुडोमोनासच. डोळा काढावा लागला नाही, तो जागेवर राहिला. पण बुबुळ पांढरं पडलं आणि नजर गेली. दुसऱ्याचं बुबुळ मिळालं तर थोडं दिसेल, असं डॉक्टर म्हणाल्या. ते अजून मिळालेलं नाही.

इकडे मी शेडमधले सगळे पाइप तपासले. आंबवायच्या टाकीच्या पाइपच्या वाकड्या तुकड्यात पाणी साचून राहायचं. जंतू तिथे होता. संत्र्याचा अर्क त्याला पुरला नाही. वकिलांचं म्हणणं होतं की डोळा पात्यानं गेला. पातं लागलं होतं, हे खरंच आहे. पात्याने दार उघडलं आणि आत आमची क्रीम गेली.

मॅडम एकदा हॉस्पिटलमध्ये आल्या. एकनाथला त्यांनी सगळं जसं झालं तसं सांगितलं, वकील नको म्हणत असतानाही. त्याने ऐकून घेतलं. “तिला सांगू नका,” तो म्हणाला. “ती सगल्या गावाला सांगते, मीच चुकीची घातली. तेवढ्यावर तिनं मनाला समजावलंय.”

कंपनी वर्षभरात बंद झाली. गावातला कोंडा पुन्हा म्हशींच्या पाटीत जातो. वनिता आजही भात कापते. उजवीकडचं दिसत नाही म्हणून ओळीत उजव्या टोकाला उभी राहते, म्हणजे तिच्या विळ्याच्या बाजूला कुणी येत नाही.

मी आता दुसऱ्या कंपनीत आहे. इथेही वाया जाणाऱ्या फळांपासून क्रीम करतात, चांगली करतात, प्रिझर्व्हेटिव्ह घालून. आल्या आल्या मी डबीवर मराठीत एक ओळ छापायला लावली: ‘डोळ्यात घालू नये.’ मार्केटिंगवाल्या मुलाला ती ओळ डिझाइनमध्ये खुपते. क्रीम डोळ्यात कोण घालतं, असं तो मीटिंगमध्ये हसून म्हणाला.

मी म्हटलं, घालतात.