गौरीच्या साच्यातली बाई

यंदा तीन जानेवारीला, संध्याकाळी सहा वाजता, माझ्या वहिनीवर अन्याय झाला. आदिवासी वाडीतल्या मुलांना ती रोज आमच्या समाजमंदिरात शिकवायची. त्या दिवशी मुलांना घेऊन पोचली, तर दाराला कुलूप. समाजमंदिराच्या समितीचं म्हणणं, या पोरांनी फरशी खराब होते. त्याच फरशीवर सकाळी याच समितीने मुलींची शाळा काढणाऱ्या बाईंची जयंती केली होती. भाषणं, हार, पेढे, सगळं.

बाईंचा अर्धपुतळा जोह्याच्या गणपती-गौरी घडवणाऱ्या कारखान्यातून आणलेला. कारखान्यात त्यांचा साचा नव्हता आणि समितीला घाई. मग गौरीचाच साचा वापरला, डोक्यावर पदर दिला, कुंकू मोठं केलं. डोळ्यांची आखणीही गौरीचीच, शांत. चेहऱ्यावर काय तेज आहे, असं सगळे म्हणाले.

घरी वहिनी वाल सोलत बसली. मी तावातावाने म्हटलं, उद्याच रोह्याला जाऊन पत्रक छापतो.

"छापा, भावजी. पण मी वर्ग बंद करते," ती म्हणाली. "तिथं जायचं म्हटलं की भ्या वाटतं. सकाळी त्या बाईंच्या तोंडाकडं बघत होते. ती गौर हाय. गौरीला कशाला भ्या वाटंल?"

शाळा काढली म्हणून त्या बाईंवर लोकांनी शेण फेकलं, हे मी चौकाचौकात ओरडून सांगितलंय. पण त्या वेळी मला एवढंच सुचलं, की बाई शाळेत जाताना सोबत दुसरं लुगडं नेत असत.

वहिनीचा हात थांबला.

"म्हंजे घरातून निघतानाच ठाऊक असायचं," ती म्हणाली. "आजपण फेकणार."

 मग तिने उरलेले वाल सगळे सोलून टाकले.

दुसऱ्या दिवशी तिने कुलपासमोरच्या ओट्यावर मुलांना बसवलं. समितीतले एक काका जाता जाता म्हणाले, "काय मास्तरीणबाई, पुतळा व्हायचंय काय?" तिच्या हातातला खडू मोडला. तिने दुसरा घेतला. भीती गेली नव्हती, हे मला तिच्या अक्षरावरून दिसत होतं.

कुलूप अजून तसंच आहे. वर्ग ओट्यावर भरतो.

तुमच्याही गावात हार घालतात. तुमच्या समाजमंदिराची किल्ली कोणाकडे आहे? आज जा, मागून घ्या, आणि जी कोणी बाहेर बसून शिकवतेय तिच्या हातात द्या.